टूमर्स कॉर्नरची झाडं

आज लेकीला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्नला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आलो. सामान लावून झाल्यावर म्हणाली, "बाबा, चला, झाडं दाखवते." कॉलेजची टीम अमेरिकन फुटबॉलमध्ये जिंकली की अख्खं गाव टूमर्स कॉर्नर या चौकात जमतं आणि ओकच्या फांद्यांवर टॉयलेट पेपरची रिळं भिरकावतं. आज एका बेचक्यात भिजलेली एकच पांढरी पट्टी अडकली होती.

ही झाडं नवी आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये ऑबर्नच्या टीमने २४-० अशा पिछाडीवरून कट्टर प्रतिस्पर्धी अलाबामा युनिव्हर्सिटीला २८-२७ असं हरवलं. पुढच्या जानेवारीत पॉल फाइनबॉम या निवेदकाच्या रेडिओ शोवर, जिथे श्रोते फोन करून खेळावर वाद घालतात, अलाबामाच्या एका चाहत्याने फोन करून सांगितलं, मी त्या झाडांना विष घातलंय. सुमारे १३० वर्षांची झाडं! खूप धडपड करूनही वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली.

परतताना गाडीत असाच एक शो लागला होता. निवेदक फोनवरच्या म्हाताऱ्याला मुद्दाम डिवचत होता. म्हाताऱ्याचा आवाज चढत चढत शेवटी थरथरायला लागला. मी रेडिओ बंद केला. एरवी हे शो मला मनापासून आवडतात. या राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, संघ नाही, कॉलेजची टीम हेच घराघरातलं दैवत. त्यावरून भांडायला जागा हवीच. पण फोन ठेवल्यावर तो माणूस त्या रागाचं काय करतो, याची काळजी चिथावणाऱ्याने करायलाच हवी.

निघताना लेकीने खोडावर तळहात ठेवला. "अजून कोवळंच आहे, बाबा."