उजनीच्या बेटावर नदी सुरय आणि एक कुत्रं

एप्रिल संपत आला की उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साठलेलं पाणी, उतरतो, उघड्या जमिनीवर गाळपेर (ओल्या गाळात पेरणी) होते आणि मधली बेटं वर येतात. नदी सुरय हा मासे खाणारा पाणपक्षी घरटं बांधत नाही. वाळूत नुसता खळगा, त्यात दोन-तीन अंडी, रंग आसपासच्या खड्यांसारखाच. त्याच बेटावर लहान पाणभिंगऱ्या आणि टिटव्याही असतात. म्हणून तिथे पाय ठेवायचा नाही; अंडं दिसेपर्यंत ते पायाखाली गेलेलं असतं.

त्या दिवशी भिगवणजवळून उजाडतानाच होडी सोडली. पाहुणे चार, वल्ह्यावर दोघे. वारा पश्चिमेचा, म्हणून बेटाच्या पूर्वेकडून गेलो. वारा समोरून असला की वल्ही थांबवताच होडी आपोआप मागे सरकते. पाठीमागून असला तर ती थेट बेटावर जाऊन लागते. पहिला सुरय ओरडत उठला तिथे थांबलो, साधारण शंभर मीटरवर. होडीत बारापटीची दुर्बीण कामाची नाही, चित्र हलतं, आठपटीची बरी.

जरा वेळाने सगळी वसाहत एकदम उठली. कारण आम्ही नव्हतो. रात्रीत पाणी आणखी उतरून काठ आणि बेट यांमध्ये चिखलाची चिंचोळी पट्टी उघडी पडली होती आणि तिच्यावरून एक कुत्रं येत होतं. सुरय त्याच्या डोक्यावर सूर मारत होते, पण ते थांबेना. बेटावर उतरून हाकलायचं तर नुकसान आपल्याच पायांनी झालं असतं. पट्टीच्या बाजूला होडी नेली, वल्ही पाण्यावर आपटली, तेव्हा ते मागे फिरलं. पक्षी लगेच बसले. ऊन तापल्यावर हेच घडलं असतं तर अवघड होतं, कारण तेव्हा उघडी अंडी थंडीने नव्हे, उन्हाने मरतात. दहाच्या सुमारास सुरय पाण्यात पोट भिजवून अंड्यांवर येऊन बसताना दिसले, ते यासाठीच. फोटोवाल्यांना ही उठबस फार आवडते, म्हणून ते होडी पुढे घ्यायला सांगतात. घ्यायची नाही.

कुत्री पोहतात, पण रुंद पाणी ओलांडून सहसा येत नाहीत. त्यामुळे आता फेरीआधी बांबूने त्या पट्टीची खोली बघतो. पाणी गुडघ्याखाली गेलं की वनरक्षकाला कळवायचं आणि मेंढपाळांना कळप दुसरीकडून न्यायला सांगायचं. मेंढ्यांचा कळप एका फेरीत कुत्र्यापेक्षा जास्त अंडी तुडवतो.