जिन्यातलं पिठलं

रविवार, रात्री साडेदहा.

दुपारी झोप लागेना म्हणून फ्रेंच लेखक मोपासाँची 'बूल द स्विफ' ही कथा पुन्हा काढली. कॉलेजात वाचली तेव्हा सगळा राग त्या प्रशियन अधिकाऱ्यावर निघाला होता. आज त्याच्याकडे फारसं लक्षच गेलं नाही.

कथा १८८० साली छापलेली, फ्रान्स-प्रशिया युद्धातली. शत्रूच्या ताब्यातल्या रुआँहून एक घोडागाडी निघते. आत दहा जण. व्यापारी, गिरणीमालक, सरदार, तिघांच्या बायका, दोन जोगिणी, क्रांतीच्या गप्पा छाटणारा एक, आणि ती. जिच्या शेजारी बसायचीही बाकीच्यांना लाज वाटते, ती वेश्या. बर्फात गाडी रखडते. शिदोरी फक्त तिच्याकडे. तीन दिवसांचं खाणं ती त्याच दिवशी सगळ्यांना वाटून टाकते. पुढे मुक्कामाला अधिकारी गाडी अडवतो. ही माझ्याकडे आली तर सोडतो म्हणतो. ती नाही म्हणते. मग तिचं खाल्लेलेच तिला गोड बोलून वळवायला लागतात. म्हातारी जोगीणसुद्धा सांगते की हेतू चांगला असला की देव रागावत नाही. गाडी सुटते. सगळे आपापली पुडकी सोडतात, घाईत रिकाम्या हातानं निघालेल्या तिला कुणी 'घे' म्हणत नाही. क्रांतीवाला चार उकडलेली अंडी काढतो. तिथेच पुस्तक मिटलं.

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ च्या वर. आमचा तळमजला बुडाला. तिथल्या खाणावळीच्या मावशींनी पाणी शिरायच्या आधीच सिलिंडर, शेगडी आणि तांदळाचं पोतं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं होतं. चार दिवस अख्ख्या बिल्डिंगनं जिन्यात बसून त्यांचं पिठलं-भात खाल्लं. चौथ्या दिवशी पिठलं पातळ झालं होतं, तरी वाढताना हात आखडला नाही. पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, "आता काय हिशोब धरायचा व्हय?"

दोन वर्षांनी सोसायटीत खाणावळ हलवायचा विषय निघाला. धूर, झुरळं, गिऱ्हाइकांच्या गाड्या. माझं कारण वेगळंच होतं. फ्लॅट विकायला काढला होता आणि बघायला आलेल्या माणसानं फोडणीच्या वासाला नाक मुरडलं होतं. मीटिंगमध्ये हे मी बोललो नाही. गाळामालकाला द्यायचा अर्ज मात्र मीच लिहिला, कारण "सरांचं मराठी चांगलं". 'रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने' हे शब्द माझे. मावशींना समजवायलाही मीच गेलो. "मोठ्या रस्त्याला जागा बघा, धंदा वाढेल तुमचा." त्या ओट्यावर कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं."

(फ्लॅट काही विकला गेला नाही. त्याच फ्लॅटात बसून हे लिहितोय.)

आता त्या विश्रामबागेकडे डबे देतात म्हणे. धंदा वाढला का, ते विचारायला मी गेलेलो नाही.

संध्याकाळी हिनं फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. झाकणावर मावशींचं नाव टाकलेलं. पुरातला, परत द्यायचा राहून गेलेला. ही म्हणाली, "अहो, देऊन तरी या एकदाचा." डबा रिकामा कसा न्यायचा, एवढं म्हणून मी तो टेबलावर ठेवलाय. त्यात काय घालून न्यायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही.