अण्णांची गाडी आणि मचूळ विहीर

मे महिन्याच्या अखेरीस मला येणारे फोन बहुतेक एकाच कामाचे असतात: पाऊस लागायच्या आत गाडीला वॅक्स मारून द्या. रत्नागिरीत मी घरोघर जाऊन गाड्या धुऊन, पॉलिश करून देतो. पूर्णगडच्या खाडीकाठी राहणाऱ्या अण्णांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "वॅक्स माझं मी मारतो. तू मशीन घेऊन ये. दारांच्या तळाशी रंगाला फोड आलेत, ते रबिंगनं जात नाहीत."

रबिंगनं न जाणारे फोड म्हटल्यावर मी मशीनच्या आधी रंगाची जाडी मोजायचा गेज पिशवीत टाकला.

अण्णा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गडद निळी हॅचबॅक, 2014ची, पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातातली. गडद रंगाची गाडी कशी वापरली हे उन्हात उभी केली की लगेच कळतं. आमच्याकडची धूळ जांभ्याची. लोक सकाळी कोरडं फडकं घेतात आणि ती पुसतात. त्या फडक्याखाली धूळ पॉलिश पेपरचं काम करते आणि वर्षभरात बोनेटवर गोल गोल ओरखड्यांचं जाळं उमटतं. अण्णांच्या बोनेटवर असले ओरखडे जवळपास नव्हतेच. फडकं कधी कोरडं लावलं नाही, म्हणाले. साबणाची बादली वेगळी, हातमोजा खळबळायची वेगळी. उन्हं वर यायच्या आत धुणं. समोरच्या कलमाला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा गाडीवर पडतो, तो त्याच दिवशी काढायचा. वाघळांनी जांभळं खाऊन घाण केली तर तीही लगेच, ओल्या फडक्याखाली भिजवून. ही शिस्त मी शहरातल्या गिऱ्हाइकांना शिकवून थकलो, आणि इथे सत्तरीच्या माणसानं ती कुणी न सांगता अंगी बाणवली होती.

म्हणून दाराच्या तळाचे ते फोड जास्तच खटकले.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंग साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला आपण चकाकी म्हणतो, तो 40च्या आसपास. माणसाचा केस 70 मायक्रॉन धरला तर आपण जे घासत असतो त्याची जाडी अर्ध्या केसाइतकी. एकदा गेली की गेली, पॉलिशनं ती परत येत नाही. पॉलिश म्हणजे काहीतरी लावणं असं लोकांना वाटतं. पॉलिश म्हणजे काढणं. लावायचं असतं ते वॅक्स. पंपाशेजारच्या धुलाई केंद्रावर दर सहा महिन्यांनी जाडं रबिंग मारून घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचंच दुकान बसेल.

अण्णांच्या टपावर गेजनं 112 दाखवलं, बोनेटवर 96. डाव्या मागच्या दाराच्या तळाशी, फोडाच्या जागी, 300च्या वर. पहिली शंका लांबीची, म्हणजे पत्र्याचा खड्डा बुजवायच्या लुकणाची. डेंटरनं चेपलेला पत्रा लांबी भरून सारखा केला असेल तर गेज असाच चढतो. पण गाडी कधी ठोकली नव्हती. मी फोडावर अंगठा दाबला. तो कुरकुर करत आत गेला. रंगाखाली गंज होता. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलत बाहेर येतो. बाहेरून ओरखडा पडून धरलेला गंज वेगळा दिसतो, ओरखड्याच्या रेघेनं पसरतो. हा आतून आलेला होता.

आता एक गोष्ट, जी गाडी चालवणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीत नसते. गाडीच्या दारात पाणी शिरतंच. काचेच्या रबरामधून ते खाली उतरतं आणि तसं उतरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. दाराच्या खालच्या काठाला लांबट भोकं असतात, तिथून ते निघून जातं. दाराखाली उंबरठ्यासारखी पत्र्याची पोकळ पट्टी असते, तिला सिल म्हणतात, तिलाही तशीच भोकं असतात. मी जमिनीवर आडवा झालो आणि टॉर्च मारला. भोकं दिसेनात. त्यांच्या जागी पांढरट, घट्ट बुच. वाळलेलं वॅक्स आणि जांभ्याची लाल माती, वर्षानुवर्षं एकावर एक. अण्णा दाराच्या काठाखालीसुद्धा बोट घालून वॅक्स लावायचे. जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथेही.

मी प्लास्टिकची केबल टाय घेऊन बुच टोकरला. भळकन पाणी आलं. तांबडं, गढूळ, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत.

अण्णा म्हणाले, "पावसाचं राहिलं असेल."

पावसाचं कसं असेल? ऑक्टोबरनंतर थेंब नव्हता, वळीवही अजून झाला नव्हता. हे धुण्याचं पाणी. मी विचारलं, गाडी कुठल्या पाण्यानं धुता? त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. विहिरीपासून खाडी हाकेच्या अंतरावर.

खाडीकाठच्या विहिरीचं गणित इथल्या बायकांना पाठ असतं. पावसाळ्यात वरून मुरलेलं गोडं पाणी जडशा खाऱ्या पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात उपसा वाढतो, गोड्याचा थर पातळ होतो, खालचं खारं वर चढतं आणि एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. काकूंनी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी केव्हाच नळावर नेलं होतं. नळ सकाळी थोडा वेळ येतो, ते पाणी गाडीवर घालवायचं नाही हा घरातला नियम, आणि तो योग्यच. म्हणून गाडीला विहीर.

माझ्याकडे पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर असतो, पाण्याचे डाग कशामुळे पडतात ते बघायला. विहिरीच्या पाण्यानं 2,100 दाखवलं, म्हणजे लिटरमागे दोन ग्रॅमच्या वर क्षार. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा 500 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची 2,000. पंधरा लिटरच्या बादलीत हे तीस ग्रॅमच्या आसपास जातं, आणि खाडीकाठी त्यातलं बरंचसं मीठच. मग दारातून आलेलं तांबडं पाणी वाटीत धरून त्यात मीटर बुडवला. सहा हजारांच्या वर. दारात साचलेलं पाणी उन्हानं आटत गेलं, मीठ आतच राहिलं, पुढच्या रविवारी त्यात आणखी भर.

मिठाचं दुसरं लक्षण किनाऱ्यावर जास्त नडतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्याही खूप आधी. आपल्याकडे रात्री हवा किती दमट असते ते अंथरुणावरच्या चादरीला विचारा. म्हणजे दार वरून कोरडं दिसलं तरी आतला पत्रा रात्रभर ओलाच.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. काहीही न गाळता. ते पायरीवर बसले. काकूंनी कोकम सरबत आणलं, ते तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मग मी धुतलीच नसती तर बरी राहिली असती?"

या प्रश्नाचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "धुवायलाच हवी होती, अण्णा. पाणी तेवढं चुकलं." ते म्हणाले, "विहीर वडिलांनी खणलेली." पुढे काही बोलले नाहीत.

खरं उत्तर असं आहे की न धुतलेली गाडी वरून खराब झाली असती. खारा वारा, चिकटा, वाघळांची घाण यांनी तो 40 मायक्रॉनचा थर खाल्ला असता. आतून मात्र ती कदाचित जास्त टिकली असती. हे "कदाचित" मला सोडत नाही. आणि राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. अण्णांनी दरवर्षी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. दरवर्षी खालच्या कोटिंगचे आणि वर टेफ्लॉनच्या थराचे पैसे बिलात लागले होते, बिलं त्यांनी फाईलला लावून ठेवलीत. गाडी लिफ्टवर चढवणाऱ्या कुणालाही ती बुजलेली भोकं दिसायला हवी होती. टोकरायला दोन मिनिटं लागतात. ओल्या, मातीनं भरलेल्या पत्र्यावर काळं कोटिंग फवारलं की ओल आत कोंडते, हे त्या धंद्यातल्या पोरालाही कळतं. पण बिलात भोकं साफ करण्याची ओळ नसते, म्हणून ती साफ होत नाहीत.

त्या दिवशी मशीन पिशवीतून बाहेर काढलंच नाही. सगळी भोकं मोकळी केली. दारांच्या आत आणि सिलमध्ये नळाच्या साठवलेल्या पिंपातलं पाणी बारीक नळीनं सोडलं आणि मीटरचा आकडा खाली येईपर्यंत सोडत राहिलो. काकूंनी न विचारता दुसरं पिंपही उघडून दिलं. मग ब्लोअर लावून चारही दारं उघडी टाकून गाडी उन्हात सुकवली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन आत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स फवारलं. हे वॅक्स चमकवायचं नसतं. ते पातळ असतं, सांध्यांत शिरतं आणि ओलीला पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. वरचं चकाकीचं कार्नोबा वॅक्स अण्णांनीच लावलं. दाराच्या काठाशी आले की हात थांबवून माझ्याकडे बघायचे.

डाव्या सिलच्या मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचा दांडा ठोकला तर आवाज बद्द येतो. सिल हा नुसता दिखाऊ पत्रा नव्हे, गाडीच्या सांगाड्याचा भार त्यावर असतो. म्हणून ओळखीच्या डेंटरला बोलावलं. त्यानं गाडी उचलून पाहिली आणि आतला पत्रा अजून धड आहे, बाहेरचा टोकाचा भाग कापून नवा लावावा लागेल, असं सांगितलं. पण गणपतीनंतर. आत्ता वेल्डिंग केलं तर पावसाळी हवेत उघडा पत्रा रंग लागायच्या आत पुन्हा गंज धरेल. तोवर लांबचा प्रवास नको, असं आम्ही दोघांनीही बजावलंय. अण्णा हो म्हणालेत.

परवा त्यांचा फोन होता. पन्हळीखाली पिंप लावलंय, पागोळ्यांचं पाणी गाडीला चालेल का? मी म्हटलं, त्याहून चांगलं पाणी तुम्हाला विकत मिळणार नाही, फक्त पहिल्या पावसाचं कौलांवरची माती घेऊन येतं, ते सोडून द्या. मार्चनंतर पिंप संपलं की धुवा विहिरीनं, पण शेवटच्या दोन बादल्या नळाच्या, आणि भोकं दर वेळी बघा.

एक गोष्ट अजून जुळत नाही. पाणी तेच, वॅक्स तेच, बुच चारही दारांना. तरी डावी बाजू इतकी गेली आणि उजव्या सिलचा आवाज अजून खणखणीत. अंगणाला खाडीच्या बाजूला उतार आहे आणि गाडी कायम एकाच तोंडानं उभी असते, म्हणून पाणी डावीकडे साचलं असावं. की खाडीवरून येणारा वारा त्या अंगाला जास्त लागतो? सिल उघडल्यावर कळेल. कापलेला तुकडा फेकू नकोस, असं डेंटरला सांगून ठेवलंय.