हतरूच्या पुढचे सात किलोमीटर: मेळघाटात आरोग्यशिक्षणाच्या फेरीवर जाणाऱ्यांसाठी

"गाडी थेट ढान्यापर्यंत जाते." हे परतवाड्यात सांगितलं गेलं, सेमाडोहला सांगितलं गेलं, हतरूतही सांगितलं गेलं. ते खरं नाही. ढाना म्हणजे जंगलातली छोटी वस्ती. जीप शेवटच्या रपट्याशी थांबते आणि तिथून सात किलोमीटर वजनकाटा, औषधांची पेटी आणि पाणी पाठीवर घेऊन चालावं लागतं. हा वृत्तांत त्या सात किलोमीटरसाठी आहे, आणि ते चालून गेल्यावर हाती काहीतरी लागावं यासाठी. अमरावती ते परतवाडा सपाट रस्ता, पुढचा घाट डांबरी. सेमाडोह आणि हरिसालच्या बैठका रस्त्यालगत झाल्या, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आधी गाडीचं. बाजाराच्या दिवशी खास जीपचे ३,५०० रुपये मागितले गेले. दोन दिवसांनी तेवढीच फेरी १,८०० रुपयांत झाली. वर थांबण्याचे पैसे वेगळे, आणि "रिकामी परत न्यावी लागते" म्हणून आणखी वेगळे. बसण्याआधी चार माणसांसमोर तीन गोष्टी ठरवून घ्या: गाडी रपट्यापर्यंत की पलीकडे, थांबण्याचे किती, परत न्यायला कोणत्या दिवशी किती वाजता. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. खाली उतरल्यावर फोनला रेंज नसते आणि ठरवलेली गाडी आली नाही तर विचारायची सोय नाही. बाजाराच्या दिवशी जाऊच नका, कारण त्या दिवशी ढाना रिकामा असतो आणि जीप महाग.

आता तो पट्टा. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा ओटा. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही तो बुडतो. ओट्याची कड दिसत नसेल किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. काही तास थांबलं की असे नाले बहुतेकदा ओसरतात. त्यानंतर सुमारे अडीच किलोमीटर सुट्या दगडांची चढण आहे, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, वाटेत पाणी नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि पाठीवर एकूण आठ किलोच्या वर वजन नको. मोह फुलायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे आणि संध्याकाळी मोहाच्या झाडांखाली अस्वलं येतात. म्हणून ही वाट सकाळी आठनंतर धरायची आणि दुपारी बारापर्यंत संपवायची, तीही ढान्यातल्या माणसासोबत. पोचाल तेव्हा घरात कोणी नसेल, बाया मोह वेचून वाळत घालायच्या कामात असतील. झोप काढा. बैठक संध्याकाळी सातनंतर होते. दुपारी चारला निघून अंधारात पोचण्याचा बेत कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

परवानगीचंही पाहून ठेवा. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या रस्त्यांवर वनविभागाचे नाके आहेत. कागद आधी काढलेला नसेल तर अर्धा दिवस नाक्यावर जातो.

कधी जायचं? दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेलेली बरीच कुटुंबं होळीला परततात, कारण इथल्या कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण. होळी आणि फगव्याचे पाच दिवस बैठक ठेवू नका, कोणी बसणार नाही आणि बसावं अशी अपेक्षाही चूक आहे. त्यानंतरचे सहा आठवडे सगळ्यात चांगले. जून ते सप्टेंबर हा मुलांसाठी सर्वांत वाईट काळ असतो: घरातलं धान्य संपत आलेलं, आई दिवसभर शेतात, गढूळ पाणी, जुलाब आणि न्यूमोनिया. पण तेव्हा रपटा बुडालेला असतो. म्हणजे पावसाळ्यात उपयोगी पडायचं असेल ते एप्रिल-मेमध्येच सांगून आणि ठेवून यायचं. जुलैत पोचवू म्हणणाऱ्या नियोजनाला काही अर्थ नाही.

दुसरी फसवणूक भाषेची. "मराठी सगळ्यांना कळतं" असं तालुक्याच्या ठिकाणी सांगतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं मराठीशी नातं नाही. बाहेरच्यांशी बोलताना इथली माणसं हिंदी वापरतात, आणि वयस्क बायांना तीही जेमतेम कळते. मराठी मजकुराचे तक्ते नेऊ नका. चित्रांचे तक्तेसुद्धा निम्मे निरुपयोगी ठरतात, कारण चित्रातलं घर, चूल आणि लुगडं इथलं नसतं. व्हिडिओ आधीच फोनमध्ये उतरवलेला असेल तरच नेता येतो. खरं काम आशाताई करतात. त्यांच्यासोबत आदल्या रात्री तासभर बसून प्रत्येक वाक्य कोरकूत कसं म्हणायचं ते ठरवा आणि ते त्यांनाच बोलू द्या. "पाणी" म्हणजे "डा" एवढं तुम्हाला आलं तरी पुरे. तुम्ही भाषण करायचं आणि ताईंनी भाषांतर करायचं हा प्रकार बंद करा. दहा मिनिटांचं भाषण दोन वाक्यांत उरकलं जातं आणि लोक उठून जातात.

एका रात्रीत तीनच विषय घ्या. पाच घेतले की एकही लक्षात राहत नाही. आमचा क्रम असा: नवजात बाळाचं पोट फुगणं, जुलाब, दंडाचा घेर.

पोट फुगलं की तापलेल्या लोखंडानं बाळाच्या पोटावर चटके देण्याची चाल इथं आहे, तिला डंबा म्हणतात. आरोग्यशिक्षण इथंच सगळ्यात जास्त बिघडतं. बाहेरून आलेला माणूस रागावून "असं करता का?" विचारतो आणि त्या क्षणापासून ती गोष्ट लपवली जाते. लपवलेल्या बाळाच्या जखमेत जंतू शिरतात आणि ते दवाखान्यात पोचतं तेव्हा उशीर झालेला असतो. विचारायचं असं: "बच्चे का पेट फूलता है तो घर में क्या करते हो?" उत्तर आजी देईल, कारण निर्णय बहुतेकदा तिचा किंवा सासूचा असतो, आईचा नाही. म्हणून बैठकीला आजी हवी, आणि भूमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, हवा. भूमकाला वगळून घेतलेली बैठक दुसऱ्या दिवशी पुसली जाते. त्याला आधी एकट्याला भेटा, मानानं भेटा, आणि त्याच्याकडे एकच मागणं ठेवा: बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा तापलेलं असेल, छाती आत ओढली जात असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा शी बंद असेल तर त्यानंच दवाखान्यात पाठवावं. पोट फुगणं आणि दूध न ओढणं एकत्र आलं तर ते रक्तात जंतू शिरल्याचं लक्षण असू शकतं. तिथं वाट पाहायची नसते. "डंबा देऊ नका" एवढंच सांगून थांबलात तर आजीच्या हाती काहीच उरत नाही. तिला करण्याजोगं काम द्या: बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून कापड गुंडाळायचं, दर दोन तासांनी पाजायचं, आणि श्वास मोजायला आशाताईंना बोलवायचं. पूर्ण एक मिनिट मोजायचं, बाळ शांत असताना. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर धोका. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, नवजात बाळाचा श्वास थांबून थांबून चालतो आणि हिशेब चुकतो.

आशाताईंच्या घरभेटींचे दिवस सगळ्यांसमोर म्हणून घ्या: घरी बाळंतपण झालं तर १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, दवाखान्यात झालं तर तिसऱ्या दिवसापासून पुढे हेच. घरातल्यांना दिवस माहीत असले की तेच ताईंना हाक मारतात. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली. तिथले निष्कर्ष १९९९मध्ये लॅन्सेटमध्ये आले. गावातली बाई हे काम नीट करू शकते का, अशी शंका अजूनही कोणी घेत असेल तर एवढं सांगा आणि पुढे चला.

जुलाबाच्या प्रात्यक्षिकात चूक मापात होते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि घरात लिटरचं माप नसतं. मग अर्धं पाकीट एका पेल्यात जातं आणि पाणी इतकं खारट होतं की बाळाचं नुकसान होतं. एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या सोबत न्या, प्रत्येक घरच्या भांड्यात ते पाणी ओता आणि ते कुठवर येतं तिथं खिळ्यानं खूण करा. पूर्ण पाकीट एकदम, पाणी उकळून थंड केलेलं, आणि उरलेलं २४ तासांनंतर फेकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यापुढच्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. पाकीट संपलं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे काय ते बोट फिरवून दाखवा, शब्दांनी कळत नाही. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायची, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळी चौथ्या दिवशी बंद होते. म्हणून पट्टी देतानाच भिंतीवर कोळशानं १४ रेघा मारा आणि रोज एक पुसायला सांगा.

हात धुण्याबद्दल इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. चिखलदरा तालुक्यात अशी गावं आहेत जिथं उन्हाळ्यात टँकरचं पाणी विहिरीत ओततात आणि बाया ते पुन्हा उपसून नेतात. त्यांना नळाखाली वीस सेकंद हात चोळायला सांगणं अपमानकारक आहे. पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीनं टांगा, तोंडाजवळ तापलेल्या खिळ्यानं एक भोक पाडा, कॅनच्या तोंडाला दोरी बांधून खाली पायानं दाबायची काठी लावा. पेलाभराहूनही कमी पाण्यात दोन्ही हात धुऊन होतात. भोक मोठं पडलं की कॅन अर्ध्या दिवसात रिकामा होतो आणि कोणी पुन्हा भरत नाही, तेव्हा खिळा बारीकच घ्या. साबण मोज्यात घालून शेजारी टांगा, नाहीतर कावळे पळवतात.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. डावा हात, खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतचा मध्य, हात सैल लोंबता. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५च्या खाली मध्यम. पट्टी आवळली की मूल उगाच लाल रंगात येतं, आणि रडताना हात वाकवला की उगाच हिरव्यात. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खळगा राहतो का पाहायचं. राहिला तर पट्टी काहीही म्हणो, मूल दवाखान्यात गेलंच पाहिजे. लाल पट्टीच्या मुलाच्या आईला आहारावर व्याख्यान देऊ नका. ती दिवसभर कामावर असते आणि मूल मोठ्या बहिणीकडे असतं. बहिणीलाच शिकवा. कुटकीच्या भातात तुरीचं घट्ट वरण, वर चमचाभर तेल, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. आठ-नऊ वर्षांच्या मुली हे आपल्यापेक्षा नीट करतात, हे पाहून शेवटच्या रात्री थकवा उतरला.

टांगता २५ किलोचा काटा न्या, डिजिटल नको. सेल संपले की तो ओझं होतो. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर झोळीचं वजन प्रत्येक मुलात धरलं जातं.

निघण्याआधी ढान्यातल्या दोन माणसांसोबत ती जागा चालून पाहा जिथं फोनला रेंज येते. बहुतेक ढान्यांजवळ अशी एखादी टेकडी लोकांना ठाऊक असते. तिथून १०८ लावून दाखवू नका, त्यानं लाइन अडते. नंबर फोनमध्ये साठवून द्या. रुग्णवाहिका रपट्याच्या अलीकडेच थांबणार हे धरून चाला: झोळीला बांबू कोणाचा, खांदा कोण देणार, रात्री कंदील कोणाकडे. ही चार-पाच नावं आशाताईंच्या वहीत लिहून झाली की मगच खाली उतरायला लागा, आणि साडेदहाच्या आत, नाहीतर दगड तापतात.