बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

कोकणात पीक संरक्षणाच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांच्यामुळे एक घातक गैरसमज पसरला आहे. तो परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. जमीन सातबाऱ्यावर आपली असली, झाडोरा मालकीचा असला, तरी त्यात फिरणाऱ्या सांबर-भेकरावर आपला हक्क नसतो. आपल्याकडे जंगल बरंचसं खासगी मालकीचं असल्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं.

वन्यजीव कायदा १९७२ चा. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, येतं. उभ्या पिकाला उपद्रव असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी कारणं नोंदवून त्याच्या शिकारीचा लेखी परवाना देऊ शकतो. गवा आणि पिसोरी (इवलंसं, हरणासारखं जनावर) पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी पिकाची नासाडी हे कारण चालतच नाही. परवान्यानं मारलेलं डुक्करही कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतं, म्हणून मटणाचे वाटे घालणं हा गुन्हा.

परवान्याचा असो की भरपाईचा, अर्जाआधी नुकसान कोणी केलं ते ओळखा. डुक्कर नांगरल्यासारखी जमीन उकरतं, भात लोळवतं. ओल्या मातीत त्याच्या खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना उपखुरांचे ठसे उमटतात. सांबर-भेकरांना वरचे पुढचे दात नसतात, म्हणून शेंडा ओढून तोडल्यासारखा चिंध्या झालेला दिसतो. ससा आणि साळिंदर सुरीनं छाटल्यासारखं कापतात. भेकराला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, डुकरीण मात्र चार महिन्यांच्या आत चार-सहा पिल्लं देते. एखादा सुळेवाला नर मारून कळप कमी होत नाही, माद्या आणि पिल्लं तशीच उरतात. भेकरं मारणं तर निव्वळ नुकसानीचं, कारण बिबट्याचं भक्ष्यच आपण संपवतो.

भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनखात्याकडे अर्ज द्या. पंचनाम्यापर्यंत शेत साफ करू नका. ठसे, उकरलेली जमीन आणि पडलेलं पीक यांचे फोटो काढा.

पण माझा भर कुंपणावर आहे. चिऱ्याचा गडगा चार-साडेचार फुटांचा आणि पायाशी पक्का असेल तर डुक्कर थांबतं. सांबर मात्र तो सहज ओलांडतं. सौर कुंपणात डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, मग दीड फूट, मग अडीच फूट. सांबर येत असेल तर वर आणखी तारा, सहा फुटांपर्यंत. यंत्रातून तारेत साधारण सेकंदाला एक, क्षणभराचा झटका जातो. घरची वीज थेट तारेत सोडणं म्हणजे माणूस मारणं, ते कधीही करू नका.

कुंपण फसतं ते बहुतेक अर्थिंगमुळे. कातळावर एक सळई ठोकून भागत नाही. ओलीच्या जागी, विहिरीजवळ किंवा मळ्याच्या बांधाला, तीन जस्ती सळया तीन-तीन मीटर अंतरावर ठोकून एकमेकींना जोडा आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्या मुळाशी पाणी घाला. पावसाळ्यात उलट अडचण: गवत तारेला टेकतं आणि झटका जमिनीत जिरतो. श्रावणात दर आठवड्याला तारेखालचं गवत बेणलं नाही, तर भात पसवतं तेव्हा कुंपण नुसती तार उरते. खाऱ्या वाऱ्यानं सांधे गंजतात, म्हणून दिवेलागणीला टेस्टर लावून तार तपासायची, तीही यंत्रापासून सगळ्यात लांबच्या टोकाला.