सटवाईचे पेन

भाचीच्या पाचवीच्या दिवशी आईने पाटावरवंट्याची पूजा मांडली, समई लावली आणि देवीला लिहिण्यासाठी मला कागद व पेन आणायला सांगितले. पूर्वी तिथे बोरू आणि दौत असे. आमच्या घरात आता बॉलपेन असते. ते चालते की नाही हे पाहण्यासाठी मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात दोन-चार गिरगोट्या काढल्या. "अरे, कोरा लागतो तो!" असे म्हणत आईने तो कागद बाजूला टाकला आणि वहीचे नवे पान फाडले.

त्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते आणि लिहिलेले पुढे तिलाही पुसता येत नाही, अशी श्रद्धा आहे. सगळे ठरलेलेच असेल तर ही पूजा, हा नैवेद्य कशासाठी, असे मी आईला विचारले. ती वाती सारखी करत म्हणाली, "लिहायच्या आधीच सांगायचं ना तिला."

या उत्तराला मला काही बोलता आले नाही. सहाव्या शतकात, तुरुंगात देहदंडाची वाट पाहत असताना, बोएथियस नावाच्या रोमन विचारवंताने हाच पेच वेगळ्या वाटेने सोडवू पाहिला होता: ईश्वराला आधी आणि नंतर असे काही नसतेच, तो सारा काळ एकदम समोर पाहतो, आणि कुणी चालताना दिसला म्हणून पाहणाऱ्याने त्याला चालवले असे होत नाही. युक्तिवाद देखणा आहे. पण त्यातल्या देवाला आर्जव करायला रात्रीची वेळच उरत नाही, आणि आईला ती वेळ हवी होती.

शिवाय पाहणे वेगळे आणि सांगणे वेगळे. सटवाईच्या लेकीची लोककथा आहे. तिने हट्ट धरून आपल्या कपाळी काय लिहिले आहे ते आईकडून काढून घेतले. तुझे लग्न तुझ्याच मुलाशी होईल, हे ऐकून ती पुरुषाचे तोंड दिसू नये म्हणून रानात जाऊन राहिली, आणि नेमक्या त्या रानातून पुढचे सगळे घडत गेले. देवीने तोंड मिटून ठेवले असते, तर लेक रानात गेली असती का?

श्रीकृष्णाने मात्र सांगूनच टाकले. गीतेच्या 11व्या अध्यायात तो अर्जुनाला म्हणतो की हे सारे मी आधीच मारलेले आहेत, तू फक्त निमित्त हो; आणि 18व्या अध्यायात, उपदेश संपत आल्यावर, म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसे कर. निकाल दाखवून झाल्यावर दिलेली ही मोकळीक मला कितीतरी दिवस थट्टा वाटत असे. आता तसे वाटत नाही, कारण योद्धे मरणार हे दाखवले असले, तरी धनुष्य खाली ठेवून बसलेल्या माणसाला ते उचलावे लागणारच होते, आणि तेवढे काम कृष्णाने त्याच्यावर सोडले.

सकाळी पाटाजवळचा कागद अर्थातच कोरा होता. आईने तो घडी घालून बाळाच्या दुपट्याखाली सरकवला. माझ्या गिरगोट्यांचा कागद वाया घालवायचा नाही म्हणून तिने त्यावर बारशाची यादी केली: हरभरे, नारळ, झबले, पाळण्यावरची पाटी. नाव आत्या सांगणार होती, म्हणून पाटीपुढे तिने मोठी मोकळी जागा सोडली होती.