क्रुआ-रूस: वर मेट्रोने, खाली पायी

फ्रान्समधल्या लियोंला आलेले बरेच जण क्रुआ-रूसची टेकडी खालून चढतात आणि अर्ध्यातच दमतात. ओतेल द व्हिल स्टेशनवरून मेट्रोची सी लाइन पकडा, नेहमीचंच तिकीट चालतं. चढ १७ टक्क्यांहून जास्त, म्हणून रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे.

क्रुआ-रूसला उतरलात की रुंद बुलेव्हार लागतो. इथे लियोंचा तट होता. त्यापलीकडचं पठार म्हणजे वेगळं गाव. लियोंची जकात तिथे लागत नसे. १८५२ मध्ये गाव शहरात सामील झालं आणि १८६५ मध्ये तट पाडून हा रस्ता काढला. बाजार याच रस्त्यावर सकाळी भरतो, सोमवारी नाही.

रू दिव्री या रस्त्यावरचं 'मेझों दे कानू' हे संग्रहालय मात्र रविवारी बंद असतं, त्यामुळे दोन्ही साधायचं तर शनिवार बरा. कानू म्हणजे इथले रेशीम विणकर. चालू मागाचं प्रात्यक्षिक चुकवू नका. मागावरच्या नक्षीच्या पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत जाते, आकडा वर उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढा धागा उठतो आणि खालून धोटा पळतो. येवल्याला मागावर जकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं हे यंत्र, पाहिलं असेल, तर त्याची ही जन्मभूमी. हे यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, म्हणून इथल्या जुन्या घरांची छतं चार मीटरच्या आसपास उंच आणि खिडक्याही तशाच लांबच लांब.

आता उतरा. बुलेव्हारच्या पूर्व टोकाला ग्रो कायू हा मोठा दगड आहे. तिथून माँते सें-सेबास्तियां या उताराच्या रस्त्याने प्लास कोल्बेर हा चौक गाठा. ९ नंबरच्या दारातून 'कूर दे व्होरास' या चौकात, म्हणजे इमारतीच्या आतल्या अंगणात, शिरा. सहा मजली उघडा जिना इथेच आहे. हा त्राबूल, म्हणजे इमारतींमधून जाणारा बोळ, रू अँबेर-कोलोमेसला २९ नंबरवर निघतो. मग त्याच रस्त्यावरच्या २० नंबरमधून रू दे ताब्ल-क्लोदिएनला, आणि थोडं खाली रोमन अँफिथिएटर.

त्राबूलच्या वर माणसं राहतात, तेव्हा आवाज नको. संध्याकाळी बरीच दारं कुलूपबंद होतात, म्हणून दुपार टळायच्या आत निघा. पाऊस पडून गेला असेल तर पायऱ्या निसरड्या होतात. गुळगुळीत तळाचे बूट नकोत.